पंडिता रमाबाई यांची दैनंदिन ख्रिस्तश्रद्धा आणि जीवनकार्य : पुणे व केडगाव (१८९०–१९२२)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांच्या आश्रयदात्या आणि बायबलच्या भाषांतरकार अशा अनेक नात्यांनी त्यांचा उल्लेख केला जातो. मात्र त्यांच्याविषयीच्या लेखनात एक विभागणी सातत्याने आढळते. समाजसुधारणेच्या इतिहासात १८८२ ते १८९३ या काळातील रमाबाईंना स्थान मिळते व केडगावचा पुढील काळ दोन-चार वाक्यांत संपतो. तर मिशनरी चरित्रांत केडगावच्या रमाबाई संतपदाला पोहोचतात आणि त्यांच्यातील वाद घालणारी, प्रश्न विचारणारी स्त्री अदृश्य होते. उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी, गौरी विश्वनाथन यांच्या लेखनाने ही विभागणी बरीच दूर केली असली, तरी मराठी अध्यापनात आणि पाठ्यपुस्तकांत ती अद्याप पुरती पुसली गेलेली नाही.

प्रस्तुत निबंधात रमाबाईंच्या श्रद्धेचा विचार धर्मांतराची एक घटना म्हणून न करता दररोज पाळलेला नित्यक्रम म्हणून केला आहे. त्यांना जीवनाचे प्रयोजन आणि टिकाऊ समाधान कोठे गवसले, त्यासाठी त्यांना कोणती किंमत द्यावी लागली आणि त्या श्रद्धेचा त्यांच्या संस्थात्मक कार्याशी कोणता कार्यकारणसंबंध होता, हे तपासणे हा या निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

श्रद्धेची पार्श्वभूमी : विद्या, वियोग आणि प्रश्न

अनंतशास्त्री डोंगरे या वैदिक पंडितांच्या पोटी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याचा आग्रह धरल्याने अनंतशास्त्रींना विरोध सोसावा लागला होता. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडत होते. दुष्काळात आई-वडिलांचे निधन झाले. उरलेली दोन भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास मेधावी निवर्तले. हाती तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगासमोर स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या त्या अज्ञानातून नव्हेत. स्वतःच्या परंपरेतील ग्रंथ त्यांना मुखोद्गत होते. त्या ग्रंथांत स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचा स्वतंत्र मार्ग कोठे आहे, हा प्रश्न त्यांना कलकत्त्यापासून सतावत होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत असताना त्यांनी समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले सेवाकार्य पाहिले. नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचाही त्यांच्या विचारांवर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजेच, तत्त्वज्ञानातील युक्तिवादाइतकीच प्रत्यक्ष आचरणातील करुणा त्यांच्या निर्णयामागे होती.

बाप्तिस्मा ते अंतरीचे समाधान (१८८३–१८९१)

बाप्तिस्म्याने रमाबाईंचा शोध संपला, असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला असून तो १९७७ मध्ये प्रकाशित झाला. या पत्रांतून एक विलक्षण संघर्ष समोर येतो. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार या सर्वांविषयी रमाबाई निःसंकोचपणे प्रश्न विचारीत होत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यानंतर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या काळाकडे मागे वळून पाहिले आहे. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, परंतु स्वतः ख्रिस्ताची प्राप्ती झाली नव्हती, असा त्या निवेदनाचा आशय आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. बाप्तिस्मा घेणे, उपासनेस जाणे, सत्कृत्ये करणे यांनी मनुष्य ख्रिस्ती होत नाही. क्षमा ही मिळवावयाची वस्तू नसून स्वीकारावयाचे दान आहे, ही जाणीव त्यांना त्यानंतर झाली. या जाणिवेने त्यांना जो आनंद दिला तो पुढील आयुष्यभर टिकला, असे त्यांनी नमूद केले आहे.

इतिहासाच्या दृष्टीने येथे लक्षात घेण्याजोगी बाब स्थळाची आहे. हे परिवर्तन घडले तेव्हा रमाबाई पुण्यात होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास हलविण्यात आले होते. रमाबाईंचा श्रद्धानुभव मठातील एकांतात नव्हे, तर विधवा मुलींच्या जेवणखाणाची, अभ्यासाची, दुखण्याखुपण्याची व्यवस्था पाहत असताना परिपक्व झाला.

उघडा दरवाजा : १८९३ चा वाद

शारदा सदन अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या आर्थिक साहाय्यावर चालत होते. संस्थेत धर्मप्रचार होणार नाही, प्रत्येक मुलीस आपला आचार पाळण्याची मोकळीक राहील, हे तिचे घोषित धोरण होते. न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. सवर्ण घराण्यांतील विधवांना पालक येथे पाठवीत, ते या विश्वासावर.

वादाचे मूळ एका नित्याच्या गोष्टीत होते. रमाबाई दररोज आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचा दरवाजा उघडा असे. कोणास येण्याचा आग्रह नव्हता, तशी कोणास मनाईही नव्हती. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात याचा बभ्रा झाला. ‘केसरी’ने सदनावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

या प्रसंगाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे. रमाबाईंच्या दृष्टीने दरवाजा बंद करणे म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज बाळगणे होते. हिंदू मुलींना त्यांच्या पूजाअर्चेचे स्वातंत्र्य देणाऱ्या संस्थेत संचालिकेला मात्र स्वतःच्या घरी मोकळेपणाने प्रार्थना करता येऊ नये, ही अट त्यांना अन्यायाची वाटली. दुसऱ्या बाजूस, आश्रित आणि अल्पवयीन मुलींच्या बाबतीत आईसमान व्यक्तीचे आचरण हाच मूक उपदेश ठरतो, ही पालकांची भीती निराधार म्हणता येणार नाही. सदनातील काही मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ही वस्तुस्थिती आहे. त्याचबरोबर शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला व त्या हिंदूच राहिल्या, हीदेखील वस्तुस्थिती आहे. कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेले अनाथ बालिकाश्रमाचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले असता, शारदा सदनाने निर्माण केलेली गरज आणि त्याने गमावलेला विश्वास या दोहोंचा वारसा त्यास लाभला, असे म्हणावे लागेल.

महत्त्वाचा मुद्दा असा की, रमाबाईंसमोर निवड स्पष्ट होती. प्रार्थना खाजगी ठेवली असती तर पुण्यातील प्रतिष्ठितांचा पाठिंबा बहुधा टिकला असता. त्यांनी तो पाठिंबा गमावणे पत्करले. श्रद्धेचा आनंद येथे सुखासीनतेशी समानार्थी नाही, हे यावरून दिसून येते.

केडगाव : श्रद्धेचे दिनमान (१८९७–१९२२)

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी सुमारे ३०० मुली-स्त्रियांना आश्रयास आणले. बालपणी स्वतः दुष्काळ भोगलेल्या स्त्रीची ही कृती होती. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली आणि इतक्या मोठ्या संख्येस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू ठोकून त्यांची सोय करण्यात आली. यातूनच १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर येथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

ख्रिस्ती झाल्याने रमाबाई राज्यकर्त्यांच्या बाजूच्या झाल्या, असा समज प्रचलित होता. १८९७ मध्ये प्लेगच्या व्यवस्थेत पुण्यातील स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून जाहीर टीका केली, ही गोष्ट त्या समजास छेद देते. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे ज्या विवेकाने त्या नमल्या नाहीत, त्याच विवेकाने त्या सरकारपुढेही नमल्या नाहीत.

केडगावच्या जीवनाची रचना प्रार्थना आणि श्रम या दोन सूत्रांवर होती. घंटेबरोबर दिवस सुरू होई. उपासनेनंतर शाळा, शेती, विणकाम, तेलघाणा, स्वयंपाक, रुग्णसेवा अशी कामे वाटलेली असत. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे स्त्रिया करीत. अंध स्त्रियांना ब्रेलचे शिक्षण देण्याच्या कामी मनोरमेने पुढाकार घेतला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. इंग्लंडमध्ये जे पाहून रमाबाईंचे मन वळले, त्याचीच ही मराठी भूमीतील उभारणी म्हणता येईल. १९०५ मध्ये पहाटेच्या प्रार्थनासभांतून येथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन घडले व त्याची वार्ता जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पोहोचली. परंतु संस्थेचा पाया त्या भावोत्कट दिवसांवर नव्हता. रोजच्या पिठामिठाच्या, विहिरीच्या पाण्याच्या आणि धड्यांच्या व्यवस्थेवर होता.

रमाबाईंचे अखेरचे मोठे कार्य म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. उपलब्ध भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रीला कळत नाहीत आणि काही शब्दांबरोबर वेदान्तातील कल्पना नकळत येतात, असे त्यांचे मत होते. संस्कृतवरील प्रभुत्वामुळे ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या विदुषीने आयुष्याच्या शेवटी सोप्या मराठीचा ध्यास घ्यावा, यात त्यांच्या श्रद्धेचे सामाजिक स्वरूप स्पष्ट होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. संस्थेची भावी सूत्रधार आणि एकुलती एक कन्या गमावूनही भाषांतराचे व मुद्रणाचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

मर्यादा

या जीवनक्रमाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. केडगावमुळे हजारो निराधार स्त्रियांना आसरा मिळाला, मात्र पुण्याच्या वैचारिक जीवनाशी असलेला रमाबाईंचा संवाद जवळजवळ तुटला. शारदा सदनाच्या आरंभी असलेली सर्वधर्मीय मुलींसाठीची मोकळीक केडगावच्या ख्रिस्ती वातावरणात तशीच राहिली नाही. सुधारकांनी त्यांना विस्मरणात टाकले हे खरे. परंतु अंतर दोन्ही बाजूंनी वाढले, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

१) रमाबाईंचा बाप्तिस्मा (१८८३) आणि त्यांचा श्रद्धानुभव (१८९१) या दोन भिन्न घटना असून, त्यांमधील आठ वर्षांचा काळ शंका, वाद आणि विवेकस्वातंत्र्याचा आहे.

२) १८९३ चा वाद केवळ धर्मांतराचा नव्हता, दैनंदिन उपासनेच्या उघडेपणाचा आणि पालकांच्या विश्वासाचा होता. त्यात दोन न्याय्य वाटणारे दावे एकमेकांसमोर उभे ठाकले होते.

३) केडगावचे कार्य हे समाजसुधारणेपासूनचे पलायन नव्हते. पाठिंबा गेल्यानंतर, दुष्काळ व साथीच्या काळात ते कार्य पंचवीस वर्षे चालू राहिले, याचे स्पष्टीकरण रमाबाईंच्या नित्याच्या श्रद्धाजीवनाशिवाय देता येत नाही.

४) रमाबाईंना लाभलेले समाधान दुःखाच्या अभावातून आलेले नव्हते. आई-वडील, बंधू, पती आणि अखेरीस कन्या यांचा वियोग सोसूनही जे काम दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हाती घेता येते, त्या कामात ते सामावलेले होते.

महाराष्ट्रातील सुधारणेचा इतिहास बव्हंशी विचारांचा आणि चळवळींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. माणसे त्या विचारांशी आयुष्यभर एकनिष्ठ कशाच्या बळावर राहिली, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. रमाबाईंच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधताना सुधारक रमाबाई आणि ख्रिस्ती रमाबाई यांना वेगळे करता येत नाही.