महाड : चवदार तळ्याच्या पायऱ्या

पोलादपूरवरून वाहत येणाऱ्या सावित्रीच्या काठी महाड वसले आहे. या नगराची ओळख मात्र नदीपेक्षा चवदार तळ्याने घडविली. हे तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला; तो कागदावरच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यात उतरले व ओंजळीने पाणी प्याले. हा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडले.

या स्थळाच्या वास्तुरचनेत पुतळ्याहूनही पायऱ्यांना अधिक मोल आहे, असे आम्हांस वाटते. पुतळ्यास दुरून वंदन करता येते. पायरी माणसाला पाण्यापर्यंत नेते, आणि सत्याग्रह नेमका त्या चार पावलांसाठी होता. नगरातील क्रांतिस्तंभ त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनाचे स्मरण करून देतो. (तो दिवस नाताळचा, हे आपल्या वाचकांच्या ध्यानी येईलच.) जवळच्या गांधारपाले येथील प्राचीन बौद्ध लेण्यांतही कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत.

तळ्याच्या सुशोभीकरणात कठडे, कमानी, दिवे येतात. सुरक्षेसाठी कठडा लागतोही. तथापि प्रत्येक नव्या आराखड्यात पाण्यापर्यंत उतरणारी वाट मोकळी आहे काय, हे प्रथम तपासावे.