साष्टीतील वस्तीवाढ : काही शब्दांची साक्ष

साष्टीच्या शेतीप्रधान गावांचे उपनगरात रूपांतर आगगाडीने घडविले, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला. तरी घाटकोपर-मुलुंडच्या बाजूस त्यानंतर कित्येक दशके भात, गवत व मीठ हेच चरितार्थाचे आधार राहिले. अनेक गावे खोतांकडे होती, आणि घरासाठी जमीन सुटी होऊन विक्रीस येणे हे निराळेच प्रकरण होते. १८९६ च्या प्लेगने शहरवासीयांची दृष्टी उत्तरेकडे वळविली. १९२० साली उपनगर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला आणि १९२८ च्या जानेवारीत विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोहोचली. मग खाचरे ‘बिनशेती’ होऊ लागली.

हा महसुली शब्द मोठा सूचक आहे. जमीन काय आहे हे तो सांगत नाही. काय राहिली नाही, एवढेच सांगतो. ‘गावठाण’ मात्र टिकले. भोवतीची शेते गेली, आणि आगरी, कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबांची वाढती वस्ती जुन्याच रेषेच्या आत दाटत गेली. १९५७ साली पालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत वाढली, तरी ती रेषा हलली नाही.

घाटकोपरची ‘घाट के ऊपर’ ही व्युत्पत्ती मला मागाहून जुळविलेली वाटते. ‘कोपर’ हे डोंबिवलीशेजारीही आहे आणि कोपरखैरण्यातही. तेथे घाट कोठला? शेतांची नावे तर सोसायट्यांच्या पाट्यांवर क्वचितच उतरली. ती शोधावयाची तर जुने फेरफार आणि गावठाणातील वृद्ध यांच्याकडेच जावे लागते.