बाष्पशील तेलांचे सौर ऊर्ध्वपातन

औषधी व सुगंधी वनस्पतींतील तेल सूर्यतापाने केलेल्या वाफेच्या साहाय्याने वेगळे काढण्याची पद्धती. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नसल्याने दोघांचे बाष्पदाब एकत्र येतात आणि मिश्रण १००° से. पेक्षा किंचित कमी तापमानालाच उकळते. म्हणून नाजूक सुवास जळत नाही. खरा खर्च वाफेचा असतो. उकळत्या १ किग्रॅ. पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोजूल उष्णता लागते. खानदेशात रोशा गवताच्या तेलाच्या पारंपरिक भट्ट्या ही उष्णता जंगलातील लाकडातून घेत.

सौर संचात बहुधा वोल्फगांग शेफलर यांची परावर्तक तबकडी वापरतात. ती सूर्यामागे फिरते, पण तिचा नाभिबिंदू जागचा हलत नाही. त्यामुळे पात्र, संघनक व तेल-पाणी विलगक जमिनीवर पक्के बसवता येतात. जर्मनीत विट्झनहाउझेन येथील प्रयोगांत ८ चौ. मी. तबकडीपासून सुमारे १.५ किलोवॉट उष्णता मिळाली. महाराष्ट्रात अशाच तबकड्यांच्या वाफेवर शिर्डीच्या साई संस्थानात स्वयंपाक होऊ लागला.

बार्शीसारख्या पर्जन्यछायेतील कोरड्या तालुक्यात थेट ऊन भरपूर असते. हीच या तंत्राची पहिली अट. ढगाळ दिवशी तबकडी जवळपास निरुपयोगी ठरते. मात्र रोशा गवत पावसाळ्याच्या अखेरीस फुलावर येते, तेव्हा आकाश निवळत असते. गवती चहाचे तेल काही तासांत निघते. वाळ्याच्या मुळ्यांना मात्र दीर्घकाळ वाफ द्यावी लागते, तेथे पूरक इंधनाची भट्टीच सोयीची. संघनक थंड ठेवण्याचे पाणी फिरवून पुन्हा वापरणेही या भागात अपरिहार्य.