नांवांच्या दप्तराचे राखणदार

श्रोतेहो, प्रत्येक शाळेंत जनरल रजिस्टर नांवाची एक जाडजूड वही असते. मूल शाळेंत दाखल झालें, कीं त्याचें नांव, आडनांव आणि जन्मतारीख तींत लिहावयाची. आणि एकदां लिहिलेलें अक्षर वरिष्ठांच्या लेखी हुकुमावांचून बदलावयाचें नाहीं, असा दंडक आहे. मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें अशी वही सांभाळली. तिच्या कागदाचा आणि शाईचा खर्च विचारलात, तर तो अगदींच किरकोळ. परंतु तींतील एक तारीख चुकली, तर तिचें फळ त्या मुलाला पेन्शनीपर्यंत भोगावें लागतें. त्यामुळें नोंदवही राखण्याचा खरा खर्च कोणता, हा प्रश्न माझ्या मनांत जुनाच आहे. आज त्याचा विचार एका नव्या आणि जगड्व्याळ वहीच्या संबंधांत करावयाचा आहे.

ही वही इंटरनेटवरील नांवांची होय. दुकान, बँक, वर्तमानपत्र, विद्यालय, ज्याचा त्याचा इंटरनेटवरील पत्ता एका नांवानें ओळखला जातो. त्या नांवास डोमेन नेम म्हणतात. ग्राहकाच्या वतीनें असें नांव मूळ दप्तरांत नोंदवून देणारा जो मध्यस्थ, तो रजिस्ट्रार. आपल्या सरकारी भाषेंत त्यास निबंधक म्हणतां येईल. असा रजिस्ट्रार होण्यास खर्च किती, असें होतकरू तरुण विचारतात. आंकडा सांगणें अवघड नाहीं, आणि तो मी पुढें सांगणारही आहें. परंतु त्या आंकड्यामागें जी हकीकत आहे, ती ऐकल्यावांचून त्याचा अर्थ उलगडत नाहीं. म्हणून आधीं ती ऐकावी, अशी विनंती आहे.

आरंभीं हा व्यापार नव्हताच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानें आर्पानेट नांवाचें संगणकांचें एक जाळें उभें राहिलें. संगणकाला दुसऱ्या संगणकाचा पत्ता कळण्यास आंकडे पुरतात; नांवें लागतात तीं माणसांना. कोणत्या आंकड्याचें नांव काय, याची यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें ठेवलेली असे, आणि एलिझाबेथ फाइनलर या विदुषी त्या कचेरीच्या प्रमुख होत्या. ज्याला नवें नांव हवें असेल त्यानें त्या कचेरीस कळवावें, आणि इतरांनीं ती यादी वेळोवेळीं उतरून घ्यावी, असा सरळ मामला होता. संगणकांची संख्या वाढली, तेव्हां ही एकहाती यादी पुरी पडेना. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनीं निराळी योजना मांडली. मुळाशीं एक लहान दप्तर असावें. त्याखालीं निरनिराळ्या शाखांचीं दप्तरें असावींत. आणि प्रत्येकानें केवळ आपल्या खालच्यांची नोंद राखावी. गांवचा तलाठी जसा आपल्या सजाची वही ठेवतो, साऱ्या जिल्ह्याची ठेवीत नाहीं, तसाच हा प्रकार. ‘डॉट कॉम’ ही अशीच एक शाखा. तींत 15 मार्च 1985 रोजीं सिंबॉलिक्स या अमेरिकन कंपनीचें नांव नोंदलें गेलें, आणि त्या शाखेंतील तें पहिलें नांव मानलें जातें. त्यासाठीं फी पडली नाहीं, कारण फी अशी नव्हतीच.

या साऱ्या व्यवस्थेवर देखरेख करणारे गृहस्थ म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधनसंस्थेंतील जॉन पोस्टेल. मार्च 1994 मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेलें एक टिपण या विषयांत पायाभूत समजलें जातें. त्याचा आशय असा कीं, ज्याच्या हातीं नांवांची शाखा सोंपविली आहे, त्यानें हक्काची आणि मालकीची भाषा बोलूं नये. त्यानें जबाबदारीची आणि सेवेची भाषा बोलावी, कारण तो समाजाचा विश्वस्त आहे. पुढील तीस वर्षांत जें जें घडलें, तें या एका वाक्याशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

बदल त्यापूर्वींच सुरू झाला होता. 1993 सालापासून नांवनोंदणीचें काम अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननें नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीकडे सोंपविलें होतें. खर्च फाउंडेशन देई. लोकांस नोंदणी फुकट असे. परंतु व्यापारी मंडळींना या नांवांची गोडी लागली आणि अर्जांचा पूर आला. तेव्हां 14 सप्टेंबर 1995 पासून दर नांवास वर्षाला 50 डॉलर, आणि पहिल्या दोन वर्षांचे 100 डॉलर आगाऊ, अशी फी बसविण्यात आली. तींतील शेंकडा 30 भाग इंटरनेटच्या सुधारणेसाठीं एका निधींत जावयाचा होता. लोक कोर्टांत गेले, आणि 1998 साली एका न्यायाधीशानें हा शेंकडा 30 चा भाग म्हणजे कायद्याच्या आधारावांचून घेतलेला कर आहे, असा निर्णय दिला. अमेरिकन काँग्रेसनें नंतर त्यास मंजुरी देऊन तो वाद मिटविला खरा. पण त्याच सुमारास तो भाग रद्द होऊन फी 35 डॉलरांवर आली. वही सेवेची कीं व्यापाराची, हा झगडा येथूनच उघड झाला. कारण त्या वेळीं वही एकाच कंपनीच्या हातीं होती, आणि जेथें दुसरें दुकान नाहीं तेथें गिऱ्हाइकानें भाव तरी कोणाशीं करावा?

यावर तोड म्हणून 30 सप्टेंबर 1998 रोजीं कॅलिफोर्नियांत आयकॅन ही नफा न घेणारी संस्था नोंदली गेली. तिचा पुष्कळसा आराखडा पोस्टेल यांच्या देखरेखीखालीं तयार झाला होता. पण ती स्थापन झाल्यावर अवघ्या 16 दिवसांनीं, 16 ऑक्टोबर रोजीं, त्यांचें निधन झालें. आयकॅननें धंद्याचे दोन भाग पाडले. मूळ वही राखणारी ती रजिस्ट्री, म्हणजे जणूं घाऊक व्यापारी. आणि ग्राहकांशीं व्यवहार करणारे ते रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ दुकानदार. डॉट कॉमची रजिस्ट्री एकच राहिली, मात्र रजिस्ट्रार अनेक झाले. 21 एप्रिल 1999 रोजीं अमेरिका ऑनलाइन, कोअर, फ्रान्स टेलिकॉम, मेलबोर्न आयटी आणि रजिस्टर डॉट कॉम या पांचांचीं नांवें पहिल्या प्रयोगासाठीं जाहीर झालीं. रजिस्ट्रीची संगणकप्रणाली वापरण्याच्या परवान्याचे 10 हजार डॉलर त्यांस एकरकमी भरावे लागत. शिवाय दर नांवामागें वर्षाला 9 डॉलर घाऊक भाव. जानेवारी 2000 पासून हा भाव 6 डॉलरांवर आला. जें नांव ग्राहकास पूर्वीं 35 डॉलरांस पडे, तें आतां दुकानादुकानांतून पुष्कळच स्वस्त मिळूं लागलें. ग्राहकाचें कल्याण झालें. परंतु दुकानदाराच्या पदरीं काय उरलें, हा प्रश्न तेव्हांपासून सुटलेला नाहीं.

त्याचें उत्तर बाजारानेंच एकदां दिलें. मार्च 2000 मध्यें व्हेरिसाइन या कंपनीनें नेटवर्क सोल्यूशन्स सुमारें 2,100 कोटी डॉलरांच्या शेअरांच्या बदल्यांत विकत घेण्याचें ठरविलें. मग शेअरबाजाराचा फुगा फुटला. 2003 साली व्हेरिसाइननें घाऊक वही स्वतःपाशीं ठेवली आणि किरकोळ दुकान तेवढें सुमारें 10 कोटी डॉलरांस विकून टाकलें. फुगा फुटल्याचा हिशेब वजा केला, तरी इतकें खास दिसतें कीं, शहाण्या व्यापाऱ्यानें कोणतें अंग राखलें आणि कोणतें टाकलें.

आतां मघाशीं कबूल केलेले आंकडे सांगतों. आयकॅनकडे रजिस्ट्रार होण्यासाठीं अर्ज करावयाचा, तर 3,500 डॉलर भरावे लागतात, आणि ते परत मिळत नाहींत. मान्यता मिळाल्यावर वर्षाची वर्गणी 4,000 डॉलर. हाताशीं 70 हजार डॉलरांचें खेळतें भांडवल असल्याचा पुरावा द्यावा लागतो. याखेरीज सर्व रजिस्ट्रारांत वांटून घेतली जाणारी एक तिमाही आकारणी आहे. नोंदणी, नूतनीकरण किंवा स्थलांतर यांवर नांवामागें वर्षाला 18 सेंटांची पट्टी दीर्घकाळ होती. 1 जुलै 2025 पासून ती 20 सेंट झाली. डॉट कॉमचा घाऊक भाव 1 सप्टेंबर 2024 पासून 10 डॉलर 26 सेंट झाला, आणि तो रजिस्ट्रीकडे आधीं जमा ठेवलेल्या रकमेंतून तत्काळ वळता होतो.

हे आंकडे पाठ करण्यापेक्षां त्यांचें त्रैराशिक मांडून पाहावें. ज्याच्याकडे एक हजार नांवें आहेत, त्याला केवळ वार्षिक वर्गणीच नांवामागें 4 डॉलर पडते. ज्याच्याकडे एक लाख आहेत, त्याला ती 4 सेंटच पडते. शेजारच्या बड्या दुकानाशीं भावांत स्पर्धा करावयाची, तर नव्या माणसानें हे 4 डॉलर आणावेत कोठून? त्यांत आणखी एक खांच आहे. ग्राहकानें कार्डानें भरलेले पैसे पुढें तक्रारीवरून बँक परत फिरवूं शकते. पण रजिस्ट्रीचे पैसे तोंवर गेलेले असतात. शिवाय चोवीस तास जागी राहणारी संगणकयंत्रणा, ती चालविणारीं जाणकार माणसें आणि ग्राहकाच्या प्रश्नास उत्तर देणारा कोणी तरी, हा खर्च कोणत्याही फीच्या तक्त्यांत लिहिलेला नसतो.

परंतु, श्रोतेहो, पैशाचा हा हिशेब अजून अर्धाच आहे. उरलेला अर्धा 2007 साली जगासमोर आला. अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत रजिस्टरफ्लाय नांवाचा एक रजिस्ट्रार होता. त्याच्या चालकांत भांडण जुंपलें. ग्राहकांनीं नूतनीकरणाचे पैसे भरले असतांही त्यांच्या नांवांची मुदत संपूं लागली. आयकॅननें त्याची मान्यता काढून घेतली. पण तेवढ्यानें काय होणार? कोणतें नांव कोणाचें, याची खरी यादी त्याच दुकानांत होती. यादीची एक प्रत त्रयस्थाकडे ठेवावी, असें कलम करारांत 2001 सालापासून होतें. अंमल मात्र झाला नव्हता. मोठ्या खटाटोपानंतर साडेआठ लाखांच्या आसपास नांवें गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वळविण्यात आलीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रत ठेवण्याची व्यवस्था प्रत्यक्षांत आली. मधल्या काळांत ज्याचें नांव हातचें गेलें, त्याची अवस्था कशी झाली असेल? दुकानावरची पाटी रातोरात उतरावी आणि त्या नांवानें येणारी पत्रेंही बंद व्हावींत, तशी ती होय. अशा माणसाला नांवाची किंमत 10 डॉलर आहे, असें सांगून पाहा!

पुढच्याच वर्षीं एस्टडोमेन्स या रजिस्ट्रारच्या अध्यक्षास एस्टोनियांत क्रेडिट कार्डांच्या अफरातफरीबद्दल शिक्षा झाल्याचें उघड झालें, आणि त्याचीही मान्यता गेली. त्याच्याकडील सुमारें 2 लाख 80 हजार नांवें ज्या रजिस्ट्रारकडे सोंपविण्यात आलीं, तो आपल्या मुंबईंतला होता: डायरेक्टी. परक्या मुलखांत बुडालेल्या पेढीचें दप्तर सांभाळण्याचें काम मुंबईच्या पेढीकडे आलें, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या अनुभवांतून 2013 सालचा करार तयार झाला. नवीन ग्राहकाचा ईमेल किंवा फोन 15 दिवसांच्या आंत खरा ठरवून घ्यावा; मुदत संपण्यापूर्वीं सुमारें एक महिना आणि पुन्हा एक आठवडा त्यास सूचना द्यावी; नांवाचा दुरुपयोग झाल्याची तक्रार आल्यास चौकशी करावी; पोलिसांस रात्रंदिवस उपलब्ध असावें; आणि वहीची प्रत नियमानें त्रयस्थाकडे ठेवावी. यांतील पुष्कळ कलमांमागें कोणाचें तरी बुडालेलें नांव उभें आहे. 1994 साली पोस्टेल जें विश्वासानें सांगत होते, तेंच आतां करारानें बांधून घ्यावें लागलें.

आपल्या देशाचीही हकीकत थोडक्यांत सांगावयास हवी. ‘डॉट इन’ ही भारताची शाखा प्रथम मुंबईंतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेकडे होती. तेथें वही चोख होती, पण दार अरुंद होतें. 2004 पर्यंत जेमतेम सात हजारांच्या आसपास नांवें नोंदलीं गेलीं. 2005 साली निक्सी या संस्थेच्या देखरेखीखालीं तें दार उघडलें, मान्यताप्राप्त रजिस्ट्रार नेमले गेले आणि नांवांची संख्या लाखांवर गेली. 27 ऑगस्ट 2014 रोजीं ‘डॉट भारत’ ही देवनागरी शाखा सुरू झाली, आणि मराठी माणसास आपलें नांव आपल्या लिपींत नोंदविण्याची सोय झाली.

तर मग त्या होतकरू तरुणास मी काय सांगूं? पदरीं ग्राहक थोडे असतील, तर एकदम रजिस्ट्रार होण्याच्या भरीस पडूं नये. मोठ्या रजिस्ट्रारच्या हाताखालीं रिसेलर म्हणून काम करण्याची वाट आहे. ती कमी खर्चाची आहे, आणि धंदा शिकण्यास पुरेशी आहे. ग्राहक कांहीं हजारांच्या पुढें गेले, म्हणजे वर सांगितलेलें त्रैराशिक पुन्हा मांडावें. आणि तें जमलें, तरी अर्ज भरण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: उद्यां मी आजारी पडलों, माझा भागीदाराशीं तंटा झाला, किंवा माझें दुकान बुडालें, तर या वहींतील प्रत्येक नांव त्याच्या धन्यास जसेंच्या तसें मिळेल काय? या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं तयार आहे, त्यानें खुशाल 3,500 डॉलर भरावेत. ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें दुसरा एखादा धंदा पाहावा. कारण या दुकानांत माल आपला नसतो, तो सर्वस्वीं दुसऱ्याचा असतो.