पांझरेचा पूर आणि धुळेंकरांची ओसरी

पांझरा ही सह्याद्रींत उगम पावून तापीस मिळणारी खानदेशांतील नदी. तिच्यावरील बंधाऱ्यांनीं व त्यांवर चालणाऱ्या फडपद्धतीनें खोऱ्यांतील शेती पिढ्यान्‌पिढ्या भिजत आली. परंतु ही पोसणारी नदीच १८७२ सालीं धुळें शहरावर उलटली. गिरणा व पांझरा या दोन्ही नद्यांना एकाएकीं महापूर आला. पुराच्या भरांत, सकाळीं सहा ते सात या तासांत, दर सेकंदास सुमारें दीड लक्ष घनफूट पाणी वाहत होतें. धुळ्यांतील ५०० घरें वाहून गेलीं, पलीकडच्या तीरावरील एक गांव समूळ नाहींसें झालें, १५२ गांवांना तडाखा बसला आणि तत्कालीन दरानें सुमारें १६ लक्ष रुपयांची मालमत्ता नष्ट झाली.

हा ५०० चा आंकडा केवढा, हें शहराच्या पूर्वेतिहासावरून कळतें. १८१९ मध्यें कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या अमदानींत तेथें अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. ब्रिग्जनें दूरदूरचे कारागीर आणविले, घरांसाठीं जागा कायमच्या बिनसाऱ्यानें दिल्या आणि जुन्या रहिवाश्यांस व नवागतांस बांधकामासाठीं आगाऊ रकमा दिल्या. वस्ती वाढत वाढत १८७२ पर्यंत १२,४८९ झाली. म्हणजे ब्रिग्जच्या वेळीं सबंध गांवांत जितकीं घरें होतीं, त्यांहून अधिक घरें एका पुरानें नेलीं.

एक हजाराहून अधिक माणसें कित्येक दिवस निराश्रित होतीं व लोकांनीं सढळ हातानें केलेल्या मदतीवर राहिलीं, अशी नोंद आहे. येथें थोडें गणित करून पाहिलें पाहिजे. १८१९ च्या मानानें घरटीं सहा माणसें धरलीं, तर ५०० घरांतील माणसें तीन हजार होतात. मग बाकीचीं कोठें गेलीं? त्यांतील बहुतेकांस आप्तांनीं, जातभाईंनीं व शेजाऱ्यांनीं ओसरी मोकळी करून दिली असावी, असेंच अनुमान निघतें. चाळीसगांवाहून धुळ्यास आगगाडी आली ती १९०० सालीं. तेव्हां पुरानंतरचा पहिला घांस जवळच्याच चुलीवरचा असणार. या दानाची यादी कोणीं केली नाहीं.

पुढें महाराष्ट्रांत सार्वजनिक मदतीस निराळें रूप आलें. वर्गणीचे कागद फिरूं लागले, नाटक मंडळ्या खेळांचें उत्पन्न देऊं लागल्या. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. कार्य राष्ट्राचें होतें. परंतु रंजनास आलेल्या गर्दीपासून निधि उभारण्याची हीच रीत संकटग्रस्तांच्याहि उपयोगी पडली.

तथापि निधीस सभा लागते, हिशेब लागतो, दिवस लागतात. बेघराची पहिली रात्र तोंवर थांबत नाहीं. ती रात्र ओसरीनें निभावते. उलट ओसरीवर संसार कायमचा मांडतां येत नाहीं. त्यासाठीं वर्गणी हवी आणि ब्रिग्जनें दिली तशी हक्काची जागाहि हवी. धुळ्याच्या इतिहासांत या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या वेळीं दिसतात. त्या एका वेळीं जुळल्या, तरच वाहून गेलेलें घर पुन्हां उभें राहतें.