‘अंडरस्टँडिंग’वरील संपादकीय तळटीप

* अंडरस्टँडिंग : हा शब्द लेखकाने मुद्दाम इंग्रजीतच ठेवला आहे, आम्हीही त्याला हात लावलेला नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार जे ‘अ‍ॅग्रीमेंट’ कायद्याने अमलात आणता येते, तेच ‘कॉन्ट्रॅक्ट’. नुसते ‘अंडरस्टँडिंग’ बहुधा त्याच्या अलीकडेच थांबते. याच कायद्याचे कलम ९ शब्दांत दिलेल्या वचनाला ‘एक्स्प्रेस’ म्हणते, शब्दांवाचून दिलेल्याला ‘इम्प्लाइड’. एसटीत चढून बसलेल्या माणसाने भाडे देण्याचे वचन दिलेलेच असते, तोंडाने तो काही बोलो वा न बोलो.

लेखकाच्या मनात येथे १८६४चा ‘रॅफल्स विरुद्ध विशेलहाउस’ हा इंग्लंडमधील खटला असावा. मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा लिव्हरपूलमध्ये पोचता करण्याच्या बोलीवर ठरला होता. सौदा लेखी, भाव ठरलेला, दोघेही निर्धास्त. पण त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली : एक ऑक्टोबरात, दुसरे डिसेंबरात. घेणाऱ्याने पहिले धरले होते, विकणाऱ्याने दुसरे. डिसेंबरच्या जहाजाचा माल घेणाऱ्याने नाकारला आणि निकालही त्याच्याच बाजूने लागला. न्यायाधीशांनी कारणे मात्र दिली नाहीत. ती पुरवण्याचे काम कायदेपंडित आजतागायत हौसेने करत आहेत. आपल्याकडे करार कायद्याचे कलम १३ संमतीची व्याख्याच अशी करते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली असावी. — संपा.