जुन्या लष्करी बंदुकीचें मोल

खंडेनवमीच्या दिवशीं घरांतलीं हत्यारें देवापुढें मांडावयाचीं, ही महाराष्ट्रांतली जुनी चाल आहे. बुलढाणा जिल्ह्यांत तिला कांहीं विशेष अर्थ आहे. सिंदखेड हें जाधवरावांचें ठाणें, जिजाबाईंचें माहेर. त्याच जिल्ह्यांतल्या साखरखेर्ड्यापाशीं १७२४ सालीं निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानास रणांत मारून दक्षिणेंत आपल्या सत्तेचा पाया घातला आणि त्या गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. अशा मुलखांत एखाद्या वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक निघाली तर नवल नाहीं. नवमीस ती खालीं येते. लोखंड विटकरीच्या भुकटीनें घासलें जातें, पितळेस चिंच लागते, कुंद्यावर तेल चढतें, आणि फुलें वाहण्याच्या आंत सारें हत्यार आरशासारखें लखलखूं लागतें. यांतली भक्ति खरी असते. परंतु तेवढ्या अवधींत हत्याराच्या किंमतीचा मोठा भाग विटकरीबरोबर निघून जातो.

शिपायाला बंदूक हवी असते ती नेमका बार टाकणारी. संग्राहकाचे प्रश्न निराळे असतात. कारखान्यांतून किंवा पलटणींतून ती ज्या रूपानें बाहेर पडली त्या रूपांत ती आज आहे काय? आणि मधल्या काळानें तिला कसें वागविलें? पहिला प्रश्न अस्सलपणाचा, दुसरा स्थितीचा. दोहोंचीं उत्तरें मिळतात तीं नळीवर, खटक्याच्या पत्र्यावर आणि कुंद्याच्या लांकडावर ठोकलेल्या बारीक शिक्क्यांतून, म्हणजे नेमकीं जेथें विटकरीची भुकटी पोंचते तेथूनच.

लष्करी बंदुकांच्या इतिहासाशीं वऱ्हाडचा संबंध केवळ रणांगणाचा नाहीं. तो पैशाचाहि आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें तें हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठीं. कपाशीच्या काळ्या जमिनीचा वसूल अशा रीतीनें शिपायांचा पगार आणि दारूगोळा झाला. योगायोग असा, कीं इंग्रजी सैन्याची एन्फील्ड रायफल ठरली तीहि १८५३ मध्येंच. तिच्या नळीला आंतून पेंच पाडलेले असत, त्यामुळें गोळी फिरत जाई व लांबवर नेम साधे. तिचीं चरबी लावलेलीं काडतुसें १८५७ च्या उठावास निमित्त झालीं, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर काय झालें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं.

उठाव शमल्यावर सरकारनें हिंदी पलटणींच्या हातांतून पेंचाची रायफल काढून घेतली आणि तिच्याच घाटाची, पण आंतून गुळगुळीत नळीची बंदूक त्यांना दिली. प्रथम एन्फील्डच्याच नळ्या कोरून मोठ्या केल्या गेल्या. त्या पातळ पडून फुगूं लागल्या, तेव्हां १८५९ च्या नमुन्यांत जाड नळी घालण्यांत आली. नेम धरण्यासाठीं मागें जी उघडझांप करणारी पट्टी होती, तिच्या जागीं एक साधा स्थिर ठोकळा आला. लांबवर नेम धरण्याची मुभा शिपायाला उरली नाहीं. राज्यकर्त्यांचा अविश्वास असा लोखंडांत घडविलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

अशी बंदूक अजाण माणसाच्या हातीं लागली कीं त्याला वाटतें, हिचे पेंच झिजले आणि मागची पट्टी हरवली. मग तो कोठून तरी एन्फील्डची पट्टी मिळवून तिच्यावर बसवितो. त्याच्या समजुतीनें हत्यार पूर्ण झालें. प्रत्यक्षांत तिच्यांत सांगण्यासारखी जी एकच गोष्ट होती ती नाहींशी झाली.

यावरून एक भेद ध्यानांत येतो. नोकरींत असतां बंदुकीवर झालेला फेरफार हा तिच्या चरित्राचा भाग होय. १८६६ पासून एन्फील्डची मागची बाजू कापून तींत बिजागरीचा ठोकळा बसविण्यांत आला व मागून काडतूस भरतां येणारी स्नायडर तयार झाली. तिला कोणी खोटी म्हणत नाहीं. नोकरी संपल्यावर बाजारासाठीं किंवा हौसेसाठीं झालेला फेरफार मात्र किंमत उतरवितो.

कलकत्त्यानजीकच्या ईशापूर कारखान्याची थ्री-नॉट-थ्री रायफल हा याचा उत्तम नमुना आहे. तिच्या नळीवर, बोल्टवर, पुढच्या टोपीवर व दस्त्याच्या पोटाशीं एकच क्रमांक ठोकलेला असतो. हे क्रमांक जुळले तर ती अभंग. बोल्ट दुसरीचा निघाला तर किंमत एकदम खालीं येते. मुकुट आणि जी. आर. आय. हीं अक्षरें साम्राज्याच्या काळचीं; स्वातंत्र्यानंतर आर. एफ. आय. अशी खूण आली. याच कारखान्यानें कित्येक रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून पोलीस व पहारेकऱ्यांसाठीं पॉइंट ४१० च्या बंदुका केल्या. त्यांचें काडतूस मुद्दाम निराळें ठेविलें, म्हणजे हत्यार चोरीस गेलें तरी लष्करी गोळी त्यांत चालूं नये. १८५९ चीच युक्ति ही! परदेशीं गेलेल्या अशा कांहीं बंदुका पुढें साध्या छऱ्याच्या काडतुसासाठीं पुन्हां कोरल्या गेल्या, आणि संग्राहकाच्या दृष्टीनें वांयां गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडे शेंकडों धडधाकट रायफलींचे दस्ते शिकारीसाठीं कापले गेले, त्यांचीहि तीच गत झाली.

स्थितीविषयीं लोकांचा समज उलटा असतो. जुन्या नळीवरची एकसारखी काळपट छटा हा दोष नव्हे; पोखरणारा तांबडा गंज हा दोष. नवा निळा मुलामा दिलेल्या नळीवर शिक्क्यांच्या कडा बोथट दिसतात, तेवढ्यावरून जाणकार ती ओळखतो. लांकूड रंध्यानें किंवा कांचकागदानें साफ केलें तर कारखान्याचा व वर्षाचा ठसा भुशाबरोबर जातो.

तलवारीलाहि हाच न्याय लागतो. अठराव्या शतकांत वऱ्हाडच्या वसुलांत निजामाबरोबर नागपूरकर भोसल्यांचाहि वांटा असे. त्या घराण्याचे पहिले रघूजी यांच्या नांवाची तलवार २०२५ च्या एप्रिलांत लंडन येथें लिलावास निघाली आणि महाराष्ट्र सरकारनें ती सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपयांस मिळविली. १८ ऑगस्ट रोजीं ती मुंबईस आली. पातें युरोपीय, मूठ देशी. म्हणजे हत्यार दोन देशांचें. पण तो जोड त्याच काळचा असल्यानें तिला उणेपणा येत नाहीं. सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांचें नांव पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत आहे. तें घासलें गेलें असतें तर ती इतर अनेक फिरंगांपैकीं एक ठरली असती.

घरांत बंदूक निघाली तर प्रथम कायदा पाहावा. दुरुस्त करूनहि जिच्यांतून बार सुटणार नाहीं अशा जुनाट हत्यारास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें सूट दिली आहे. बार सुटण्याजोगी असेल तर ती पणजोबांची असली तरी परवाना लागतो. शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरते व ती खासगी माणसास परदेशीं धाडतां येत नाहीं. नवमीस ती कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी, लोखंडास पातळ तेलाचा हात द्यावा, हळदकुंकू पाटावर वाहावें आणि विटकरीची पुडी भांड्यांसाठीं ठेवावी.